भारत-म्यानमार सागवान व्यापार आणि रायगड किनारा

भारत आणि म्यानमार (पूर्वीचा ब्रह्मदेश) यांच्यातील सागवान व्यापार हा आशियातील कठीण लाकडाच्या जुन्या व्यापारांपैकी एक आहे. साग (शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस) नैसर्गिकरीत्या भारत, म्यानमार, थायलंड व लाओस या चारच देशांत वाढतो. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याने या लाकडाच्या व्यापाराची दोन्ही रूपे पाहिली आहेत. एकेकाळी येथे स्थानिक सागाला आरमाराकडून मागणी होती. आज याच किनाऱ्यावरील न्हावा शेवा बंदरात परदेशी लाकूड उतरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठा आरमाराला जहाजबांधणीसाठी साग लागत असे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात स्वराज्यातील साग परवानगीनेच तोडावा, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावा आणि रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे धोरण सांगितले आहे. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या काळात कुलाबा हे या आरमाराचे प्रमुख ठाणे होते.

दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात (१८५२) पेगू प्रांत ब्रिटिशांकडे आला. १८५६ मध्ये तेथील जंगलांची व्यवस्था डीट्रिख ब्रँडिस यांच्याकडे सोपवण्यात आली. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मी सागाचा मोठा व्यापार उभारला. या कंपनीला मंडालेच्या दरबाराने केलेला दंड हे १८८५ च्या तिसऱ्या युद्धाचे निमित्त ठरले. पदच्युत थिबा राजाला कोकणातच, रत्नागिरी येथे, नजरकैदेत ठेवण्यात आले. १९१६ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने नैसर्गिक जंगलांतून उद्योगांना लाकूड पुरवण्यावर मर्यादा आणली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानुसार मंजूर कार्य आयोजनेशिवाय वनांतील वृक्षतोड थांबली. त्यामुळे भारताची भिस्त आयातीवर वाढली आणि म्यानमारच्या ओंडक्यांचा भारत हा मोठा ग्राहक झाला. उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथे कंटेनरमधून लाकूड येते. ओंडक्यांच्या आयातीत मात्र गुजरातमधील कांडला बंदर आघाडीवर राहिले.

व्यापारमूल्यांची तुलना

दोन्ही देशांच्या आकडेवारीची दीर्घकालीन तुलना करताना पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

सीमा: १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत होता. रंगूनहून मुंबईला आलेले लाकूड तोवर देशांतर्गत किनारी व्यापारात मोडे. त्यानंतर विदेशी आयातीत दिसणारी वाढ ही प्रत्यक्ष वाढ असेलच असे नाही.

वर्गीकरण: आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात ओंडके ४४०३ या, तर सहा मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेले लाकूड ४४०७ या शीर्षकाखाली येते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली; चिरलेल्या लाकडाची निर्यात चालू राहिली. म्हणून दोन्ही शीर्षके एकत्र पाहावी लागतात. चिरलेल्या लाकडाचा घनमीटरमागे दर अधिक असल्याने मूल्याबरोबर घनफळही तपासावे लागते.

किमतीचा टप्पा: निर्यातदार देश साधारणतः माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत नोंदवतो, तर आयातदार देश त्यात जहाजभाडे व विमा मिळवतो. त्यामुळे एकाच मालाचे दोन देशांतील आकडे जुळत नाहीत. तिसऱ्या देशामार्गे आलेल्या मालामुळे ही तफावत आणखी वाढते.

चलन: ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. डॉलरमध्ये न बदललेली आयातही त्यामुळे रुपयांत सुमारे ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसते.

सद्यस्थिती

२०१४ नंतर भारतीय वखारींत घाना, इक्वेडोर, पनामा, कोस्टा रिका आदी देशांतील लागवडीच्या सागाचा वाटा वाढला. म्यानमारशी होणाऱ्या व्यापाराचे मूल्य घटले, तरी त्यावरून भारतातील सागवानाचा वापर कमी झाला असा निष्कर्ष काढता येत नाही. पुरवठ्याचे मूळ ठिकाण बदलल्याचाही तो परिणाम आहे.