चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लांब पल्ल्याची सायकलस्वारी

लांब पल्ल्याची सायकलस्वारी म्हणजे स्पर्धा किंवा रोजचे काम यांखेरीज केवळ आनंद, आरोग्य व देशदर्शन या हेतूंनी सायकलवरून केलेला दीर्घ प्रवास. एका दिवसात शंभर किंवा त्याहून अधिक किलोमीटरांची फेरी, तसेच मुक्काम करीत केलेला अनेक दिवसांचा प्रवास, या दोहोंचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर व गडचिरोली हे वनबहुल जिल्हे अशा प्रवासासाठी आकर्षक आहेत. मात्र तीव्र उन्हाळा, वन्यप्राण्यांचा वावर, अवजड वाहतूक आणि दुर्गमता यांमुळे येथील सायकलस्वारी पूर्वतयारीवाचून करण्यासारखी नाही.

पार्श्वभूमी

जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ मध्ये पायांनी जमीन रेटत चालवण्याची दोन चाकांची गाडी तयार केली. पुढे तिला पॅडल जोडले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याची समान चाकांची व साखळीवर चालणारी सायकल आली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. या दोन सुधारणांमुळे दूरचा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस हा सुमारे १२०० किलोमीटरांचा उपक्रम १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाला. आज तो दर चार वर्षांनी होतो आणि त्यात क्रमांक काढले जात नाहीत. ९० तासांच्या कमाल मुदतीत अंतर पूर्ण करणारा प्रत्येक जण यशस्वी मानला जातो.

याच धर्तीवर 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या जगभर होतात. त्यांत २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तासांची मुदत असते. स्वाराने वाटेत स्वतःची सोय स्वतःच पाहावी, हे या पद्धतीचे मुख्य तत्त्व आहे. भारतातही अनेक शहरांतील सायकलमंडळे अशा फेऱ्या भरवतात.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात या छंदाला जुनी परंपरा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा या तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतून ही परिक्रमा पूर्ण केली. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले.

अलीकडच्या काळात नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. २०१८ मध्ये त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांहून लांब टप्प्यांची शर्यतही पूर्ण केली. त्याच वर्षी पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने विशीतच सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

भारत जोडो अभियान

चंद्रपूर जिल्ह्याचा लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाशी असलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध वरोऱ्याजवळील आनंदवनातून येतो. आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभराहून अधिक युवक-युवतींनी पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर सायकलींवर पार केले. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणे शक्य नव्हते, म्हणून ते सोबतच्या वाहनात आडवे पडून प्रवास करीत. १९८८-८९ मध्ये अरुणाचल प्रदेश ते गुजरात अशी दुसरी यात्रा झाली.

या यात्रांचा हेतू मनोरंजनाचा नव्हता. पंजाब व आसाममधील अशांततेच्या काळात राष्ट्रीय ऐक्याचा संदेश गावोगाव नेणे, हा त्यांचा उद्देश होता. तरीही सायकलीची निवड अर्थपूर्ण होती. सायकलस्वार गावातून जातो तेव्हा तो थांबू शकतो, बोलू शकतो आणि त्याच्याशीही कोणी बोलू शकते. बंद काचांच्या मोटारीला हे साधत नाही. छंद म्हणून प्रवास करणाऱ्यांच्या अनुभवाचा गाभाही हाच आहे.

भूगोल व ऋतुमान

चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर, तर गडचिरोलीचे १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. साग, बांबू, ऐन, बिजा, मोह, तेंदू व पळस हे येथील प्रमुख वृक्ष व वनस्पती होत. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या मोठ्या नद्या या प्रदेशातून किंवा त्याच्या सीमेवरून वाहतात.

सह्याद्रीतल्यासारखे लांब घाट येथे नसल्याने चढणीची दमछाक कमी होते. पश्चिमेकडे काळ्या मातीत कापूस व सोयाबीन, तर पूर्वेकडे भाताची शेते व माजी मालगुजारी तलाव दिसतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या कच्च्या वाटेवर चिखल चाकाला असा चिकटतो की, सायकल ढकलणेही कठीण होते. मुरमाचे रस्ते त्या मानाने बरे, परंतु वळणावर चाक घसरण्याचा धोका त्यांवर राहतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत अनुकूल काळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि त्यापाठोपाठ मोहफुलांचा हंगाम येतो. रानातली ती शोभा पाहण्यासारखी असली, तरी ऊन तोवर चढू लागलेले असते. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. देशातील सर्वांत उष्ण शहरांत त्याचे नाव वारंवार येते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की, भामरागडचा संपर्क तुटतो.

प्रमुख मार्ग

चंद्रपूर–मूल–गडचिरोली हा सुमारे ८० किलोमीटरांचा मार्ग नवख्यांना सोपा आहे. लोहारा, चिचपल्ली व केळझर या भागांत तो जंगलातून जातो. चिचपल्लीस बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मूलनंतर सावली व व्याहाड ही गावे लागतात आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू होतो.

गडचिरोलीहून दक्षिणेस चामोर्शी व आष्टी, तेथून पश्चिमेस गोंडपिपरी, कोठारी व बल्लारपूरमार्गे चंद्रपूरला परतल्यास दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटरांची वर्तुळाकार फेरी होते. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी मार्कंडादेव येथील शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिरसमूह आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरत असल्याने त्या दिवसांत रस्ता गर्दीचा असतो. आष्टीच्या पुढे चपराळा येथे वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता सुरू होते.

आष्टीहून आलापल्लीकडे जाणारा रस्ता सागाच्या दाट जंगलात शिरतो. आलापल्लीहून एक फाटा दक्षिणेस सिरोंच्याकडे, प्राणहिता-गोदावरी संगमाकडे, तर दुसरा पूर्वेस हेमलकसा व भामरागडकडे जातो. हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचे कार्य चालू आहे. हा टप्पा अनुभवी स्वारांसाठीच योग्य आहे, कारण दुकाने व दुरुस्तीची सोय फार अंतराअंतरावर आहे.

प्रवासातील आनंद

सायकलचा वेग साधारणतः ताशी १५ ते २० किलोमीटर असतो. या वेगात पक्ष्यांचे आवाज, मोहाचा दरवळ, झाडीत शिरताच जाणवणारा गारवा हे सारे अनुभवता येते. भाषेचे बदलही कानांवर पडतात. वऱ्हाडी-झाडीबोली वळणाच्या मराठीपासून निघालेला प्रवासी आलापल्लीच्या पुढे माडिया व गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, तर चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली ऐकतो.

प्रवासाचा मानसिक लाभही मोठा आहे. पहिल्या तासाभरात मन घरच्या विवंचनांत असते, पुढे ते श्वास व पॅडलच्या लयीत रमते. वय, मिळकत व शारीरिक क्षमता यांनुसार प्रत्येकाला आपला पल्ला ठरवता येतो. त्यामुळे हा छंद निवृत्तीनंतरही जोपासता येतो. मात्र चाळिशीनंतर प्रथमच सुरुवात करणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट ठरते.

शारीरिक आव्हाने व तयारी

गुडघेदुखीचे एक नेहमीचे कारण म्हणजे सीटची चुकीची उंची. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. जड गिअरवर जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवल्यास सांध्यांवरील ताण कमी होतो. हातांना मुंग्या येणे, मान अवघडणे व बैठकीच्या जागी त्वचा सोलवटणे याही नेहमीच्या तक्रारी आहेत. हँडलवरील पकड बदलत राहणे आणि योग्य कपडे वापरणे हे त्यांवरील उपाय होत.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. घामावाटे मीठही जात असल्याने केवळ साधे पाणी भरपूर पिणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा जलसंजीवनी सोबत ठेवावी. उन्हाळ्यात दुपारी स्वारी टाळावी आणि डोक्याला व कानांना दुपट्टा बांधावा. चक्कर येणे, घाम थांबणे, बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी सावलीत नेऊन अंग ओले करणे व तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. गडचिरोलीत मलेरियाचा प्रादुर्भाव असल्याने मुक्कामी मच्छरदाणी वापरावी आणि परतल्यावर ताप आल्यास रक्ततपासणी करावी.

जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, पाने व साखळी जोडण्याचे अवजार जवळ असावे. गावोगावच्या दुकानांत साध्या सायकलीचे भाग मिळतात, परंतु आधुनिक गिअरच्या सायकलीचे मिळतीलच असे नाही. त्यामुळे दुर्गम भागासाठी पुष्कळदा साधी व मजबूत सायकलच अधिक उपयोगी पडते.

वन्यप्राणी, वाहतूक व सुरक्षितता

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना सायकलने फिरता येत नाही. परंतु वाघ प्रकल्पाची सीमा पाळत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरी वनविभागात, संरक्षित क्षेत्राबाहेरही त्यांचा मोठा वावर आहे. मोहफुले, तेंदूपाने किंवा सरपण गोळा करण्यास गेलेल्या व्यक्तींवर हल्ले झाल्याच्या घटना येथे वारंवार घडतात. सायकल आवाज न करता येते, त्यामुळे प्राणी व स्वार अकस्मात समोरासमोर येण्याचा संभव असतो. पहाटे, सायंकाळी व रात्री जंगलातील रस्त्यावर सायकल चालवू नये, गटाने राहावे आणि बंदी असलेल्या वाटांवर जाऊ नये. प्राणी दिसल्यास थांबून, पाठ न दाखवता, सावकाश मागे सरावे.

आकडेमोड करून ठरवलेला कार्यक्रम येथे अनेकदा अडचणीचा ठरतो. उशीर झाला म्हणून सूर्यास्तानंतर जंगलातला उरलेला टप्पा रेटण्यापेक्षा आधीच्या गावात मुक्काम करणे श्रेयस्कर आहे. ठरलेले अंतर अपुरे सोडता येणे हेही या छंदातील कौशल्यच मानले जाते.

दुसरा धोका वाहतुकीचा आहे. चंद्रपूर परिसरात कोळसा, सिमेंट व औष्णिक वीज हे उद्योग एकवटले आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेल्या पाहणीत चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली होती. अलीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथून लोहखनिज वाहून नेणाऱ्या अवजड वाहनांमुळे आलापल्ली–आष्टी मार्गावर वर्दळ वाढली आहे. शिरस्त्राण, मागे-पुढे दिवे व चमकणारे जाकीट वापरावे, तसेच अशा मार्गांवर एकामागे एक चालावे.

गडचिरोली जिल्ह्याने १९८० च्या दशकापासून माओवादी हिंसाचाराची झळ सोसली आहे. दुर्गम तालुक्यांत जाण्यापूर्वी स्थानिक पोलिसांना मार्ग व मुक्काम कळवणे उपयुक्त असते. काही भागांत मोबाइलला संपर्कक्षेत्र मिळत नाही.

स्थानिक समाज व सायकल

या प्रदेशात सायकल प्रामुख्याने गरजेचे वाहन आहे. शेतकरी, मजूर व दुधाचे कॅन वाहणारे तिच्यावर अवलंबून असतात. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. गावात माध्यमिक शाळा नसलेल्या मुलीसाठी सायकल असणे वा नसणे यावर शिक्षण चालू राहणे अवलंबून असू शकते.

त्यामुळे छंद म्हणून येणाऱ्या स्वाराची व स्थानिकाची सायकल एकाच रस्त्यावर असली, तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. प्रवासी जंगलातील धोका निवडून पत्करतो आणि तो टाळूही शकतो. सकाळच्या शाळेला निघालेल्या मुलीला किंवा कामावरून परतणाऱ्या मजुराला तो पर्याय नसतो. रुंद साइडपट्ट्या, गावांजवळ दिवे आणि अवजड वाहनांच्या वेळांवर नियंत्रण या सोयी झाल्यास पर्यटनाला चालना मिळेलच, पण त्यांचा खरा लाभ रोज सायकल चालवणाऱ्या रहिवाशांना होईल.

पाहुण्यांनी परवानगीवाचून माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत, प्लास्टिक जंगलात टाकू नये, चहा व जेवण शक्यतो गावातल्या टपरीवर घ्यावे, असे संकेत पाळणे अपेक्षित आहे.