हजेरीपटावरचे मूल आणि दाराबाहेरचे मूल

मुलांसाठीच्या सरकारी योजनेचे मूल्यमापन म्हटले की आधी आकडा विचारला जातो. किती मुले नोंदवली, किती ताटे वाढली, किती वजने घेतली? रकाने भरले की योजना यशस्वी! पण ज्या समाजाची मुले पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पडवीत बसून शिकली, त्याला हा हिशेब पुरत नाही.

संख्यात्मक आणि गुणात्मक माहिती एकमेकींना लावून तपासणे, याला समाजशास्त्रात ‘मिश्र संशोधन पद्धती’ म्हणतात. आम्हाला ती परदेशी पुस्तकांतून शिकवली गेली. पण हेच काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७-२८ मध्येच केले होते, हे वर्गात कुणी सांगितले नाही.

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी, तर मागासवर्गाचे अवघे १८. म्हणजे नुसती एकूण पटसंख्या सांगून भागत नाही. कोणाची मुले आली आणि किती टिकली, हे जातवार पाहावे लागते. त्याच महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. कायदा हक्क देतो, पण पाण्याला हात लावू देतात का, याची ती प्रत्यक्ष तपासणीच होती.

पुढच्या वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी आकड्यांच्या तक्त्यांबरोबर एका मुलाची कहाणी ठेवली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, असे म्हणून सरकारने हात झटकले. त्या वर्षीच्या पटावर हा मुलगा शून्य होता. तो शून्य का, हे त्याच्या अर्जानेच कळते. उलट, एकटा अर्ज असता तर ‘अपवाद’ म्हणून फेकला गेला असता. तक्त्यांनी दाखवले की तो अपवाद नव्हता.

आणि पटावर नाव लागले म्हणून प्रश्न सुटतो का? बाबासाहेबांचे स्वतःचे नाव साताऱ्याच्या शाळेत होते. तरी त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावे लागे. हजेरीच्या कोणत्या रकान्यात ही तहान मावते?

हा जुना इतिहास झाला, असे कुणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये मांडलेली पाहणी पाच राज्यांतल्या ५३१ गावांची होती. त्यांनी मध्यान्ह भोजन मिळते का, एवढेच विचारले नाही. ते कोणाच्या वस्तीत शिजते, दलित बाई स्वयंपाकी चालते का, मुलांच्या पंगती वेगळ्या बसतात का, हेही विचारले. म्हणून कागदावरच्या योजनेत जात कुठे लपते, ते दिसले.

आम्ही एका वस्तीत अंगणवाडीची पाहणी करत होतो. रजिस्टर चोख होते. एका आईने मात्र सांगितले, “ताई, नाव आहे हो पोरीचं, पण ती जात नाही. डबा देतात, आन् तिथं बसू नको म्हणतात.” आमच्या छापील फॉर्ममध्ये हे लिहायला जागा नव्हती. आम्ही ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. अहवालात फक्त पुढची बाजू गेली. त्यात चूक आमचीही होती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आकडे जातवार द्या. नाव असून न येणाऱ्या मुलांच्या घरी जा. आई आणि मूल काय सांगतात, ते अहवालात आकड्यांच्या शेजारी छापा, परिशिष्टात नको. आकडा आणि आईचे म्हणणे जुळत नसेल, तर तपास तिथूनच सुरू करा.

जय भीम!