डॉन आयमस : एका वाचाळ निवेदकाचा जमाखर्च

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी वाईट बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो शोकसभेपुरता योग्यच होय. परंतु इतिहास म्हणजे शोकसभा नव्हे, आणि गुन्ह्याचे आरोपपत्रही नव्हे. २७ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमध्ये वयाच्या ७९व्या वर्षी निधन पावलेले अमेरिकन आकाशवाणी निवेदक डॉन आयमस यांच्याविषयी लिहिताना हा भेद आम्हाला सतत जाणवतो. त्यांच्या नावापुढे कर्करोगग्रस्त मुलांसाठी उभारलेले आश्रयस्थान लिहावे लागते, आणि त्याच ओळीत काही तरुण मुलींचा केलेला जाहीर अपमानही लिहावा लागतो. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. प्रश्न आहे तो त्या एकाच वहीत कशा मांडाव्यात हा.

आयमस यांचा जन्म १९४० साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे झाला. सागरी सैनिकदलातील नोकरी, रेल्वेतील काम असे नाना उद्योग करून १९६८ मध्ये ते एका लहानशा केंद्रावर निवेदक झाले. त्या काळचा निवेदक म्हणजे दोन गाण्यांमध्ये गोड बोलणारा माणूस. आयमस यांनी ती रीत मोडली. सैन्यातील अधिकारी असल्याची बतावणी करून त्यांनी एका उपाहारगृहाला दूरध्वनीवरून १,२०० हॅम्बर्गरची मागणी नोंदवली आणि तो संवाद श्रोत्यांना ऐकवला. १९७१ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीसी केंद्रावर आले. ढोंगी धर्मोपदेशकाचे त्यांनी उभे केलेले सोंग तेथे अतिशय गाजले. श्रोत्याला धक्का देऊन खिळवून ठेवणाऱ्या अशा निवेदकांना पुढे ‘शॉक जॉक’ हे नाव पडले.

या प्रकाराला बरकत येण्यामागे काही कारणे होती. स्वच्छ ध्वनीमुळे संगीत एफएम लहरींकडे गेले आणि जुन्या एएम केंद्रांपाशी बोलण्याखेरीज फारसे काही उरले नाही. सकाळी मोटारीने कामावर निघालेला मनुष्य हा हक्काचा श्रोता होता. १९८७ मध्ये वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर दोन्ही बाजू मांडण्याचे प्रक्षेपकांवरील बंधन अमेरिकेच्या संघीय आयोगाने काढून टाकले. एकंदरीत जीभ सैल सोडणे हा तोट्याचा व्यवहार उरला नव्हता.

मद्य आणि अमली पदार्थांच्या व्यसनापायी आयमस यांनी उमेदीची बरीच वर्षे घालवली. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. १९७९ मध्ये ते पुन्हा त्याच केंद्रावर आले. १९८७ पासून मात्र त्यांनी व्यसन सोडले, ते कायमचे. त्यानंतर त्यांच्या कार्यक्रमाचा रंगच पालटला. सिनेटर, पत्रकार, इतिहासकार, कादंबरीकार तेथे सकाळी सकाळी येऊन बसू लागले. १९९२ च्या निवडणुकीत बिल क्लिंटन तेथे बोलले. जानेवारी २००७ मध्ये सिनेटर ख्रिस्तोफर डॉड यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्याच कार्यक्रमात जाहीर केली. आयमस यांनी एखादे पुस्तक वाखाणले की ते हातोहात खपे. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९९७ मध्ये अमेरिकेतील २५ प्रभावशाली व्यक्तींमध्ये त्यांची गणना केली.

जमेची बाजू एवढ्यावर संपत नाही. न्यू मेक्सिकोत सुमारे ४,००० एकरांच्या माळावर त्यांनी व त्यांच्या पत्नी डिअर्ड्री यांनी गुरांचा एक वाडा उभारला. १९९९ पासून तेथे कर्करोगाशी झुंजणारी मुले येऊन राहत, घोडे हाकत, गोठ्यात कामे करत. आजाऱ्याची कीव न करता त्याला कामाला लावावे, ही त्यामागची दृष्टी आम्हाला फार मोलाची वाटते. जखमी सैनिकांच्या पुनर्वसन केंद्रासाठी त्यांनी निधी जमवला. २००५ मध्ये त्या वाड्याच्या खर्चाविषयी वृत्तपत्रांतून प्रश्न विचारले गेले, हेही नमूद केले पाहिजे; परंतु २०१४ मध्ये तो बंद होईपर्यंत मुले तेथे येत राहिली, हे कोणी नाकारलेले नाही.

आता दुसरी बाजू. ३ एप्रिल २००७ रोजी महिलांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा संघ टेनेसीकडून ५९–४६ असा हरला. त्या संघात बहुतेक मुली कृष्णवर्णीय होत्या, आणि अनेकींचे महाविद्यालयातील ते पहिलेच वर्ष होते. त्यांच्या प्रशिक्षिका व्हिव्हियन स्ट्रिंगर यांनी तीन निरनिराळ्या विद्यापीठांचे संघ अंतिम चारांत नेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्याशी हास्यविनोद करताना आयमस यांनी त्या मुलींच्या केसांची जातिवाचक टिंगल केली आणि त्यांना वेश्यावाचक शब्द वापरला. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असे आपल्याकडे म्हणतात. पण येथे टाळ्याला लागलेली जीभ देशभर ऐकू जात होती.

पुढचे आठ दिवस इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. आयमस यांनी ६ एप्रिलला क्षमा मागितली. ९ तारखेला त्यांना दोन आठवड्यांसाठी दूर ठेवण्याचे जाहीर झाले. १० तारखेला त्या मुली पत्रकारांसमोर बसल्या. प्रशिक्षिकेने एकेकीची ओळख करून दिली; कर्णधार एसेन्स कार्सन शांतपणे बोलली. आमच्या मते त्या प्रकरणाचे खरे वळण हेच. तोवर देश आयमस यांच्याविषयी वाद घालत होता. त्या दिवशी ज्यांच्याविषयी ते शब्द उच्चारले गेले, त्यांची तोंडे देशाने प्रथम पाहिली. मग मोठमोठे जाहिरातदार मागे सरले. ११ तारखेला एमएसएनबीसी वाहिनीने कार्यक्रम दाखवणे थांबवले आणि १२ तारखेला सीबीएसने त्यांना काढून टाकले. त्याच संध्याकाळी आयमस त्या मुलींना प्रत्यक्ष भेटले. मुलींनी त्यांची क्षमायाचना स्वीकारली.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. तो उद्गार म्हणजे एखाद्या सकाळची चूक नव्हती. कृष्णवर्णीय, ज्यू, स्त्रिया यांच्यावरील तसले विनोद त्या कार्यक्रमात वर्षानुवर्षे चालत आले होते. पत्रकार ग्वेन आयफिल यांना पूर्वी अशीच झळ लागली होती. २००७ मध्ये त्यांनी त्याविषयी लिहिले. तरीही प्रतिष्ठित मंडळी त्या खुर्चीत येऊन बसतच होती, कारण पुस्तक खपत होते आणि मते मिळत होती. मालकांना सद्बुद्धी सुचली तीही जाहिराती जाऊ लागल्यावर. दोष एकट्या जिभेचा नव्हता. त्या जिभेला ध्वनिक्षेपक देणाऱ्यांचा आणि हसून दाद देणाऱ्यांचाही होता.

शिवराळ विनोद आपल्याला नवा नाही. शिमग्याला शिव्यांची मुभा असते. तमाशातला सोंगाड्या पाटलाची आणि सावकाराची यथेच्छ टर उडवतो. पण ती मुभा दिवसांपुरती असते, आणि सोंगाड्याचा रोख आपल्याहून बलवानाकडे असतो. १९९६ च्या एका मेजवानीत क्लिंटन दांपत्यासमोरच आयमस यांनी त्यांच्या खासगी आयुष्यावर शेरे मारले, तेव्हा ते असभ्य असतील, पण समोरचा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. रटगर्सच्या मुली कोण होत्या? आदल्या रात्री सामना हरून आलेल्या विद्यार्थिनी. विनोद वर फेकला तर धाडस होते, खाली फेकला तर तो दगड होतो.

त्याच २००७ च्या सप्टेंबरात आपल्या देशातही याचा प्रत्यय आला. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा जिंकला, तेव्हा दिल्लीच्या एका खासगी एफएम निवेदकाने नेपाळी म्हणजे पहारेकरी अशा अर्थाची थट्टा केली. तिचे पडसाद सिलिगुडीत हिंसाचाराच्या रूपाने उमटले. पिढ्यान्‌पिढ्या परभाषक मुलखात राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे फार समजावून सांगायला नको. एखाद्या समाजाच्या बोलण्यावर, वर्णावर वा पोटापाण्याच्या कामावर चारचौघांत केलेली थट्टा त्या समाजाच्या घरात शिरते आणि मुलांच्या कानांवर पडते.

आयमस डिसेंबर २००७ मध्ये दुसऱ्या केंद्रावर परतले, दोन कृष्णवर्णीय विनोदकारांना त्यांनी सोबत घेतले, आणि २९ मार्च २०१८ रोजी अखेरचा कार्यक्रम करून निवृत्त झाले. पूर्वीचे वजन मात्र त्यांना परत लाभले नाही.

शासकीय सेवेत असताना आम्हाला हाताखालच्या मंडळींचे गोपनीय अहवाल लिहावे लागत. प्रारंभी आम्ही गुणांतून दोष वजा करून एका शब्दात शेरा देत असू. पुढे उमगले की ही वजाबाकी खोटी आहे. एखादा कर्मचारी पूरग्रस्तांसाठी रात्रंदिवस राबतो आणि तोच शिपायाला सर्वांसमोर अपमानित करतो. पूरग्रस्ताचा दुवा शिपायाच्या खाती जमा होत नाही. आयमस यांच्याबाबत आमचे मत असेच आहे. माळावर घोडा हाकणाऱ्या आजारी मुलाचा आनंद खरा होता. तो रटगर्सच्या मुलींच्या अपमानाने खोटा ठरत नाही, आणि त्या आनंदाने तो अपमान पुसलाही जात नाही. ज्यांचे देणे होते त्यांनाच ते माफ करण्याचा अधिकार होता. त्या मुलींनी तो वापरला आणि मोठेपण दाखवले. इतिहासकाराला तो अधिकार नाही. त्याने दोन्ही रकाने भरावेत, खाली बेरीज मांडू नये.