सोंगटीला हात न लावता

१८२४ साली प्रशियन लष्करातील तरुण अधिकारी गेऑर्ग फॉन राइसविट्झ याने वडिलांच्या युद्धखेळाला नवे रूप देऊन त्याचे नियम प्रसिद्ध केले. या 'क्रीगस्पील'मध्ये सेनापतीची भूमिका करणारा खेळाडू सोंगट्यांना हात लावीत नसे. तो लेखी हुकूम पंचाकडे देई आणि पंच त्याला उमगलेल्या अर्थाप्रमाणे पलटणी नकाशावर सरकवी. म्हणजे हुकूम हा एक मजकूर होता आणि पंच हा त्याचा वाचक.

संगणकावरील युद्धखेळांनी प्रारंभी हा वाचकच काढून टाकला. १९९२ च्या 'ड्यून टू'मध्ये एका वेळी एकच तुकडी निवडता येई. दहा रणगाडे हलवायचे तर दहा वेळा हुकूम द्यावा लागे. नावाला सेनापती असलेला खेळाडू प्रत्यक्षात हवालदाराचे काम करी. पुढे 'वॉरक्राफ्ट'मध्ये (१९९४) चार, 'स्टारक्राफ्ट'मध्ये (१९९८) बारा तुकड्या एकत्र निवडता येऊ लागल्या. ही मर्यादा केवळ यंत्राच्या दुबळेपणातून आलेली नव्हती. सारे सैन्य एका झटक्यात शत्रूवर लोटण्यापेक्षा खेळाडूने डोके चालवावे, असा 'वॉरक्राफ्ट'च्या कर्त्यांचा हेतू होता.

एका हुकमात अनेकांना हलवायचे म्हटले की खरी अडचण सुरू होते. एकट्याला जवळची वाट शोधून देणारी 'ए स्टार' ही रीत १९६८ पासून उपलब्ध होती; पण अरुंद पुलावर वीस जण एकाच वेळी आले तर आधी कोणी जायचे, हे ती सांगत नाही. घोडदळ पुढे निघून जाते, तोफा मागे राहतात आणि सैन्य तुकड्यातुकड्यांनी शत्रूच्या हाती सापडते. 'एज ऑफ एम्पायर्स टू'ने (१९९९) यावर सोपा तोडगा काढला: रचनेत चालणाऱ्या समूहाचा वेग त्यातील सर्वांत मंद घटकाइतका ठेवायचा. 'सिड मायर्स गेटिसबर्ग'मध्ये (१९९७) ब्रिगेडला दिलेला हुकूम तिच्यातील रेजिमेंटांपर्यंत जाई.

स्वयंचलित हालचालींवर जाणत्या खेळाडूंचा आक्षेप असतो, की यंत्र आपले सैन्य चुकीच्या वाटेने नेते. आक्षेप खराच आहे. परंतु बोरोदिनोच्या लढाईचे वर्णन करताना टॉल्स्टॉयने नेपोलियनबद्दल हेच दाखवून दिले होते: हुकूम उशिरा पोचतात, तोवर परिस्थिती पालटलेली असते, आणि माणसे आपल्याला सुचेल तसे वागतात. प्रत्येक शिपाई बोटाच्या इशाऱ्यावर अचूक हलणे, हीच खरी अद्भुतकथा.

२०१० च्या 'स्कर्ज ऑफ वॉर: गेटिसबर्ग'मध्ये हुकूम घोडेस्वार जासुदाकरवी धाडण्याची सोय आहे. जासुदाला पोचायला वेळ लागतो. कधी तो वाटेतच मारला जातो. राइसविट्झचा पंच जणू वेश बदलून परतला.

या साऱ्या इतिहासाकडे केवळ सोयींची वाढती यादी म्हणून पाहणे अपुरे ठरेल. आज्ञा म्हणजे स्पर्श की भाषा, हा त्यातला मूळ प्रश्न आहे. स्पर्श मानला तर चुकीची जबाबदारी सर्वस्वी आपली. भाषा मानली तर ती समजून घेणारा कोणी दुसरा असतो, आणि त्याच्या आकलनावर विसंबण्याची जोखीम पत्करावीच लागते. साहित्याच्या अभ्यासकाला ही जोखीम मुळीच अपरिचित नसावी.