जोतिबाची वाट: देवळं बांधणारे आणि चालत येणारे

डोंगरातली दोन-चार दिवसांची पायपीट म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून दम लागतो. आपल्या कोल्हापूरच्या वायव्येला, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबा आहे. त्यालाही आपण केदारनाथच म्हणतो. उंची सुमारे ३,१०० फूट, म्हणजे तिकडच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. इथे दम लागतो तो चैत्राच्या उन्हानं आणि खांद्यावरच्या सासनकाठीनं.

आता या डोंगराचा इतिहास आपण कसा सांगतो बघा. मूळ देवळाच्या जागी १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी आजचं देऊळ बांधलं. रामलिंगाचं देऊळ १७८० च्या सुमारास मालजी निळम पन्हाळकरांनी, आणि केदारेश्वराचं १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. शिंदे मूळचे सातारा भागातल्या कण्हेरखेडचे, जोतिबा त्यांचं कुलदैवत. राणोजींनी एका मुलाचं नावच जोतिबा ठेवलं होतं. हे सगळं खरं आहे. पण या सनावळीत बांधणारे आहेत, चालणारे नाहीत. आणि चैत्र पौर्णिमेला हा डोंगर भरतो तो चालणाऱ्यांनी.

ते चालणं कसं असतं? आम्ही एका वर्षी कराडकडच्या एका गावाच्या काठीबरोबर तीन दिवस चाललो. पहिल्या दिवशी ज्याचं त्याचं दुखणं वेगळं होतं. कुणाची टाच, कुणाचा खांदा. सगळे बडबड करत होते, फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय लाकडासारखे झालेले. बोलणं थांबलं. काठी आपल्या खांद्यावरून पुढच्याच्या खांद्यावर कधी गेली हेही कळेना, कारण मागायची गरजच उरली नव्हती. एकाचा श्वास चढला की दुसरा आपोआप खाली वाकायचा. तिसऱ्या दिवशी गिरोली घाटात चढ लागला, तेव्हा दुखणं होतंच, पण ते आता सगळ्यांचं मिळून होतं. पुढून कुणीतरी 'जोतिबाच्या नावानं' म्हणायचं, आणि 'चांगभलं' म्हणताना पाऊल पडायचं. वर पोहोचलो तेव्हा पायाखालची वाट, भिंती, माणसं, सगळं गुलालानं गुलाबी झालेलं.

पण आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते मुक्कामांनी. रात्री एका गावातल्या देवळाच्या ओसरीवर उतरलो. भाकरी-आमटी घेऊन आलेल्या आजी म्हणाल्या, "तुमची काठी आमच्या सासूबाईंच्या आधीपासनं हितंच उतरती." त्या घराचं आणि या गावाचं ना सोयरिक, ना भाऊबंदकी. नातं एकच, वर्षातून एका रात्रीचं. पाणी कुठल्या विहिरीचं, सावली कुठल्या आंब्याखाली, ओढा कुठून ओलांडायचा, हे सगळं याच नात्यात जपलेलं.

हा इतिहास कुठल्याही शिलालेखात नाही. तो पायात आहे, म्हणून नाजूक आहे. आता बऱ्याच काठ्या टेम्पोत, ट्रॉलीत येतात. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. शेतीची कामं असतात, सुट्टी मिळत नाही, म्हाताऱ्या माणसांनाही देव बघायचा असतो. काठी गाडीतून आली तरी देवापर्यंत पोहोचतेच. पण मधल्या गावात ती थांबत नाही. तिथलं दार त्या रात्री उघडत नाही. दोन-तीन वर्षं असं झालं, की पुढची सून विचारतही नाही. राणोजींचं देऊळ दगडाचं आहे, ते राहील. ओसरीवरचं नातं मात्र दर चैत्रात नव्यानं बांधावं लागतं.

म्हणून एकच विनंती. आपल्या गावाची काठी असेल, तर घरातल्या थोरल्या माणसांजवळ बसा आणि मुक्काम लिहून घ्या. पहिली रात्र कुठे, दुसरी कुठे, भाकरी कुणाच्या घरची. आणि जमलं तर एक वर्ष चाला. नुसती यादी वाचून खांदा कधी बदलायचा ते कळत नाही.