तुकड्या पाडायच्या, पण कशा?

सिअॅटलला लेकीकडे होतो तेव्हा जावईबापू सहज म्हणाले, "नाना, आमचं अपील कोर्ट ९ राज्यांचं. २९ न्यायाधीश. ते फोडा म्हणून १९४०च्या दशकापासून ओरड आहे." मला नवल वाटलं. इतक्या वर्षांत एवढंसं काम होऊ नये? परत आल्यावर वाचायला घेतलं आणि उत्तर सापडलं ते भलत्याच कोर्टात. तिकडे या कोर्टांना क्रमांक असतात. जावईबापूंचं नववं, आणि मी सांगतोय ते दक्षिणेतलं पाचवं.

टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत ६ राज्यं त्याच्याकडे होती. शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध सुप्रीम कोर्टाने १९५४ साली निकाल दिला खरा, पण दक्षिणेत तो गावोगावी अमलात आणायचं काम याच कोर्टावर पडलं. टटल, विस्डम, ब्राउन आणि राइव्हज या चार न्यायाधीशांनी ते नेटाने केलं. शिव्याही खूप खाल्ल्या.

आणि नेमकी १९६३-६४च्या सुमारास सूचना आली, खटले फार झाले, कोर्टाचे दोन भाग करा. टेक्सास आणि लुइझियाना एकीकडे, उरलेली चार दुसरीकडे. कागदावर किती सरळ! पण ब्राउन टेक्सासचे, विस्डम लुइझियानाचे. टटल जॉर्जियाचे आणि राइव्हज अलाबामाचे. म्हणजे रेघ बरोबर चौघांच्या मधून जाणार. त्यात सिनेटच्या न्यायसमितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे ईस्टलँड, वर्णभेदाचे उघड समर्थक, आणि विभाजन त्यांना हवंच होतं. विस्डम हटून बसले. बेत बारगळला.

आमच्या शाळेत आठवीचा पट ८०च्या वर गेला की 'अ' आणि 'ब' तुकड्या पाडायचो. पट हे निमित्त. खरं भांडण कोणती मुलं कुणाकडे जाणार याचं! (त्यात मीही मागे नसे.)

ईस्टलँड १९७८ अखेर निवृत्त झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने न्यायाधीशांची पदं २६ झाली. मग सगळ्यांनी एकमताने स्वतःच विभाजन मागितलं आणि १ ऑक्टोबर १९८१ला अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा मिळून अकरावं कोर्ट निघालं.

नवव्याचं मात्र घोडं अडलेलंच. १९७३च्या आयोगाने कॅलिफोर्नियाचेच दोन भाग सुचवले, १९९८च्या आयोगाने फोडूच नका, आतल्या आत विभाग करा असं सांगितलं. दोन्ही अहवाल फडताळात. फोडा म्हणणारे बहुतेक रिपब्लिकन, त्यांना कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांचा उदारपणा नको. पण निम्म्याहून अधिक खटले त्या एकाच राज्याचे. ते वेगळं काढलं तरी नवं कोर्ट मोठंच राहणार.

जावईबापूंना फोनवर हे सांगितलं. म्हणाले, "नाना, आम्हाला कुठल्या तुकडीत घालाल?"