गदा आणि राजदंड

'दंड' हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. हातातली काठी म्हणजे दंड, अपराधाची शिक्षा म्हणजेही दंड. आणि राज्य चालविण्याच्या शास्त्राला आपले पूर्वज दंडनीती म्हणत. काठीपासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर एका गदेने प्रत्यक्ष केला आहे. तिची हकिगत आज आपण पाहू.

फिजीत गदा हे केवळ हत्यार नव्हते. आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरूच्या, किंवा वेसी नावाच्या वृक्षाच्या कठीण लाकडातून ती घडवीत. कमरेला खोवून नेण्याची व फेकून मारण्याची आखूड 'इ उला', टोकदार चोचीची 'तोतोकिया' असे तिचे अनेक प्रकार. नामांकित वीराच्या गदेला स्वतंत्र नाव असे, आणि ती देवळातही अर्पण होई. भेटींमध्ये पहिला मान ताम्बुआचा, म्हणजे देवमाशाच्या दाताचा. तो स्वीकारणाऱ्याने देणाऱ्याशी नाते जोडले, त्याची विनंती मनावर घेतली, असे मानीत. भेटीची ही रीत लक्षात ठेवली म्हणजे पुढची घटना नीट उमगते.

१८७४ साली फिजीचा राजा थाकोम्बाऊ चहूकडून कोंडीत सापडला होता. कर्जाचा बोजा, गोऱ्या मळेवाल्यांचा उपद्रव, टोंगन सरदार माफूची स्पर्धा! अखेर १० ऑक्टोबर रोजी लेवुका येथे त्याने व इतर सरदारांनी बेटे ब्रिटनच्या हवाली केली. त्या प्रसंगी त्याने आपली आवडती गदा व्हिक्टोरिया राणीला भेट पाठविली. शांततेची खूण म्हणून तिच्यावर चांदीची कबुतरे बसविली होती. सोबतच्या निरोपाचा आशय असा, की आजवर या देशात हिच्याखेरीज दुसरा कायदा नव्हता. बळी तो कान पिळी, हा न्याय आता आम्ही सोडला. आमच्या लेकरांचा सांभाळ राणीने करावा.

ही निव्वळ शरणागती होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. घेणाऱ्यावर जबाबदारी टाकणारी ती भेट होती.

१९३२ साली पाचव्या जॉर्ज राजाने ती गदा फिजीला परत केली. ती तेथील कायदेमंडळाचा राजदंड झाली. १८७९ पासून आलेल्या गिरमिट्यांच्या समाजालाही १९२९ मध्ये त्या मंडळात निवडून जाण्याचा हक्क मिळाला होता. पुढे १० ऑक्टोबर १९७० रोजी, बरोबर त्याच तारखेला, फिजी स्वतंत्र झाले. परंतु १४ मे १९८७ रोजी सशस्त्र सैनिक थेट संसदेत शिरले आणि लोकनियुक्त सरकार गेले. थाकोम्बाऊने टाकलेला न्याय पुन्हा दारात उभा राहिला.

गदेचा राजदंड एकदाच घडवून भागत नाही. ज्यांच्यासमोर तो ठेवला जातो, त्यांनी तो रोज राजदंड म्हणून मानावा लागतो.